उलट्या पावलांचा गगन

गगन घोरपडे सरळ चालताना हमखास ठेचकाळतो. उलटा चालायला सांगा, मग बघा. नवरी खोलीतून निघून मंटपाकडे यायला लागली की कॅमेरा डोळ्याला लावून हा तिच्यासमोर मागे मागे सरकत जातो. पाठीमागे पायऱ्या असतात, सतरंजीची दुमड असते, फुलांच्या टोपल्या असतात, मोबाइल धरून वाट अडवणाऱ्या आत्याबाई असतात. कशाला म्हणून त्याचा पाय लागत नाही. त्याची आई अंबुबाई हे बघून एकदा मला म्हणाली होती, "अय्यो वादी, उलटी पावलं भुताची असतेत रे. माझ्या पोटी हे काय आलं?"

वादी म्हणजे मी, वादिराज. गगन जे टिपून आणतो ते कापून, जोडून, त्याला गाणी-बिणी लावून लग्नाचा सिनेमा करायचं काम माझं. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर आमची खोली आहे. खाली दिवसभर हातोडे पडत असतात आणि वर मी कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या लेकींच्या पाठवण्या बघत असतो. माझा पिंड बैठा. गगनला बसता येत नाही आणि मला उठवत नाही, म्हणूनच आमचा धंदा इतकी वर्षं टिकला. पण तो खोलीत असला की माझं डोकं उठतं. खुर्चीमागे फेऱ्या मारतो, पडद्यावर बोट ठेवून ठसे उमटवतो, खिडकी उघडतो, परत लावतो, चहा मागवतो आणि चहा यायच्या आत जिना उतरून गेलेला असतो. तो चहा मी पितो. माझं पित्त त्याच्यामुळेच वाढलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही दोघंही घरी मराठी बोलतो, म्हणजे म्हैसूरची मराठी, जिच्यात निम्मं कन्नड असतं. लिहायची मराठी मला आईनं हट्टानं शिकवली. गगनचे पूर्वज इथल्या राजाच्या घोडदळात होते. माझे पोथ्या बगलेत मारून त्यांच्या मागोमाग आले असावेत. आता घोडी गेली, तलवारी गेल्या. घोरपड्यांपैकी कुणी बँकेत आहे, कुणी मोटारींचे पार्ट विकतं. टाच मारायची सवय तेवढी एकट्या गगनच्या वाट्याला आली. घोडा नाही, म्हणून तो ती स्वतःलाच मारत असतो.

त्याचे वडील मल्हारराव विजेच्या मोटारी रिवाइंड करायचे. बोलणं कमी, काम चोख. एका वर्षी दसऱ्याच्या प्रदर्शनात त्यांनी पोराला प्लास्टिकचा कॅमेरा घेऊन दिला. कॅमेरा घेतला, रोल नाही घेतला. रोल दिवाळीला, असं ठरलं. दिवाळी आली आणि गेली. पण गगनला कुठला दम निघायला! त्यानं रिकाम्या कॅमेऱ्यानंच फोटो काढायला सुरुवात केली होती. गल्लीतल्या बायका पदर सारखा करून उभ्या राहायच्या, म्हातारे खास टोपी घालून यायचे. गगन "हं, हलू नका" म्हणायचा आणि खटका दाबायचा. फोटो कुठायत असं कुणी विचारलं की "धुवायला दिलेत". असं त्यानं कितीतरी महिने रेटलं. शेवटी त्याची मावशी स्वतःच मंडी मोहल्ल्यातल्या स्टुडिओत जाऊन थडकली आणि पोराचं पितळ उघडं पडलं. मल्हाररावांनी कान उपटला, मावशीनं गल्ली डोक्यावर घेतली. स्टुडिओवाल्यानं मात्र हसत हसत मुदत संपत आलेला एक रोल त्याच्या हातावर ठेवला.

हे मला गगननंच सांगितलं. सांगता सांगता एक वाक्य बोलला, ते मला तेव्हा वेडगळ वाटलं होतं. "वादी, रोल नव्हता तवाचे फोटो मला सगळे आठवतेत. रोल घातल्यावरचा एकबी आठवत नाही."

पुढे मल्हाररावांच्या इच्छेखातर त्यानं डिप्लोमा केला, एका कारखान्यात चिकटलाही. तिथे दिवसभर एकाच यंत्रासमोर उभं राहायचं. पावसाळा संपायच्या आत हा नोकरी सोडून घरी. घरात रणकंदन माजलं. मल्हारराव बोलायचे बंद झाले, आणि मुळात कमी बोलणारा माणूस बोलायचा बंद झाला की घरात फारच शांतता होते. त्याच सुमाराला गल्लीतल्या सीतालक्ष्मीचं लग्न निघालं. ठरवलेला व्हिडिओवाला मुहूर्ताच्या दिवशी उगवलाच नाही. गगननं कुणाच्या तरी दुबईच्या जावयाचा हँडीकॅम मागून आणला आणि दिवसभर लग्नघरात वाऱ्यासारखा फिरला. तोवर लग्नाचा व्हिडिओ म्हणजे झगझगीत दिव्यासमोर रांगेनं उभी, डोळे मिचकावणारी माणसं. गगनच्या व्हिडिओत सीतालक्ष्मीचे वडील कोठीच्या खोलीत एकटेच नारळ मोजत होते. मधेच चुकत होते, डोळे पुसत होते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. तेवढं बघून अख्खी गल्ली रडली. मल्हाररावही उठून बाहेर गेले आणि परत आल्यावर गगनशी बोलायला लागले.

मी त्या वेळी मंडी मोहल्ल्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचो. गगन स्वतःचं कार्ड छापायला आला आणि माझ्या पाठीमागे उभा राहून म्हणाला, "तो गणपती जरा डावीकडं घ्या की." मी जुळवत होतो ते त्याचं कार्ड नव्हतं, पत्रिका भलत्याच घरची होती. मी त्याला चार शब्द सुनावले. तो हलला नाही. मी गणपती डावीकडे घेतला, आणि पत्रिका एकदम उठून दिसायला लागली. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर माझा जास्त संताप झाला. तिथून आमची गाठ पडली ती पडलीच.

आता लग्नाच्या व्हिडिओचं रूप पार पालटलंय. लग्नाआधीचा व्हिडिओ हवा, त्यात नवरा-नवरीनं तळ्याकाठी धावायचं, मग वळून बघायचं. ड्रोन हवा. जेवणाची पहिली पंगत उठायच्या आत फोनवर रील हवी. दर लग्नसराईला नवं खूळ निघतं आणि दर वेळी गगनला वाटतं की आपण मागे पडलो. मग तो रात्रंदिवस ते शिकतो आणि मला शिकवतो. मी म्हणतो, अरे, लोक लग्न करतात का सर्कस? तो म्हणतो, "जे करतेत ते नीट दिसायला पायजे, बस्स." लग्नात तो जेवतो उभ्यानं, केळीच्या पानावरचं नाही, द्रोणातलं. कुणी "बसा की" म्हटलं तर बसल्यासारखं करून उठतो. शेकडो लग्नं टिपलीस पण एकही पाहिलं नाहीस, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा. मल्हारराव गेले तेव्हापासून मी ते चिडवणं बंद केलं.

मल्हारराव दोन वर्षांमागे गेले, झोपेतच. तिरडी उठली. मडकं धरलेल्या मुलानं पुढे चालायचं असतं, तसा गगन पुढे होता. पण तोंड मागे होतं. हातात मडकं, आणि हा बापाच्या चेहऱ्याकडे बघत मागे मागे पावलं टाकतोय. संताजीरावमामांनी त्याला खांद्याला धरून सरळ केलं. चार पावलं सरळ चालला आणि परत वळला. मामांनी पुन्हा सरळ केलं. गल्लीच्या टोकापर्यंत हेच चाललं होतं. दारात उभ्या असलेल्या अंबुबाईनं ते पाहिलं, गगनच्या धाकट्या बहिणीनं, यशस्विनीनं पाहिलं. मला तर मान वर करून बघवेना.

पुढे एकदा मी धीर करून विचारलं. म्हणाला, "बाबांचा चेहरा नीट दिसंना रे. फोकस मिळंना." त्या दिवशी त्याच्या हातात कॅमेरा नव्हता.

यशस्विनी शाळेत गणित शिकवते. भावासारखी भिरभिरी नाही, एका जागी ठाम. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलाचं नाव फत्तेसिंगराव, आजोबांचं ठेवलेलं, पण नोकरी कॉम्प्युटरची आणि स्वभाव गाईचा. ठरल्यावर दुसऱ्याच दिवशी ती आमची माडी चढून वर आली. गगन त्या वेळी कुठली लेन्स भाड्यानं आणायची, दिवे कुठे लावायचे हे मला सांगत खोलीत येरझाऱ्या घालत होता. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ म्हणजे त्याच्या आयुष्याचं काम, असा त्याचा आव होता.

"अण्णा, माझ्या लग्नाला मला भाऊ पायजे," ती म्हणाली. "व्हिडिओवाला गावात कुठंबी मिळतो."

"मी हाय की तिथं. पहाटेपासून हाय."

"तू नसतोस. बाबांच्या येळेलाबी नव्हतास. हातात मडकं होतं आणि तू फोकस बघत होतास." तिचा आवाज जराही चढला नाही. "कॅमेरा हातात धरायचा नाही. माझ्या शेजारी उभारायचं. गळ्यात ताळी बांधताना माझ्याकडं बघायचं. होमाला माझ्या ओंजळीत लाह्या तू घालायच्या. एवढंच मागते मी. दुसरं काय नको मला तुझ्याकडून."

गगन थांबला. मी खाली मान घालून कीबोर्ड पुसत बसलो.

"आय्तु," तो म्हणाला. म्हणजे ठरलं.

शब्द दिला खरा, पण दिल्या क्षणापासून माणूस तव्यावरच्या फुटाण्यासारखा उडायला लागला. हुणसूर रस्त्याला येलवालच्या पुढे लग्नाचं छत्र, म्हणजे कार्यालय, ठरलं होतं. हा रोज उठून तिथे जायचा. ऊन कुठल्या खिडकीतून येतं, मंटपाचे खांब कुणाला आड येतात, भटजी कुठल्या हाताला बसणार, सगळं बघून यायचा आणि आमचा दुसरा कॅमेरामन श्रीनिधी, त्याला समोर बसवून पाठ करून घ्यायचा. श्रीनिधीचा हात चांगला, पण डोकं विसरभोळं. त्याच्यावर गगनचा भरवसा नव्हता, म्हणून मला खुर्चीतून उपटून मागच्या बाजूला तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यापाशी उभं केलं. मला त्यातलं फारसं कळत नाही. "तू नुसता उभा राहा, सगळा मंटप दिसतोय एवढं बघ," असं त्यानं मला बजावलं. नवऱ्याच्या शेरवानीला आतून छोटा माइक लावायचा, भटजींचे मंत्र स्वच्छ यायला पाहिजेत, हेही त्यानंच ठरवलं. मी म्हटलं, "गगन, तू भाऊ आहेस ना त्या दिवशी?" "हाय की," तो म्हणाला आणि पुन्हा जिना उतरला. मला त्याची भीती वाटायला लागली होती. हा ऐन वेळी शब्द मोडणार, आणि ती पोरगी त्याला माफ करणार नाही, असं सारखं वाटत होतं.

लग्नाच्या सकाळी गगन फेटा बांधून, रेशमी सदरा घालून मंटपात नवरीच्या जागेच्या डाव्या हाताला उभा राहिला. इतका देखणा तो मला कधीच दिसला नव्हता, आणि इतका बेचैनही. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कमरेवर ठेवायचा, मागे बांधायचा, फेटा चाचपायचा. मागून मला सगळं दिसत होतं. संताजीरावमामांनी नवरीला आणलं, आंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, आंतरपाट दूर झाला, आणि प्रत्येक वेळी गगनची नजर श्रीनिधीकडे. उजवीकडे सरक. खाली बस. आता वर. डोळ्यांनी आणि हनुवटीनं चालू होतं सगळं. यशस्विनीनं एकदा त्याच्याकडे वळून बघितलं. त्याच्या ते गावीही नव्हतं.

मग नारळावर ठेवलेलं मंगळसूत्र ताटातून वडीलधाऱ्यांच्या हातांना लावून परत आलं. भटजींनी ते नवऱ्याच्या हाती दिलं आणि मंत्र म्हणायला लागले. इथे एक रीत आहे. मंगळसूत्र बांधायच्या क्षणी कुणीतरी बोट वर करून "गट्टिमेळा! गट्टिमेळा!" असा पुकारा करतं आणि सनई-ढोलवाले सगळं बळ लावून वाजवतात, म्हणजे कुणाच्या शिंकेचासुद्धा अपशकुन कानावर पडू नये. सगळे त्या पुकाऱ्याची वाट बघत उठायच्या बेतात होते. नेमकी त्याच वेळी श्रीनिधीच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. पहाटे बदलायची तो विसरला होता. त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि खिसे चाचपायला लागला.

गगननं ते पाहिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ताळी! ताळी!"

कन्नडमध्ये "ताळी" म्हणजे अदबीनं "थांबा". एरवी गगन भटजींच्या कानाशी लागून हळूच "स्वल्प ताळी, स्वामी" म्हणतो, जरा थांबा, आणि म्हैसूरचे सगळे भटजी त्याच्यासाठी दोन क्षण थांबतात. त्या दिवशी तो त्याच्या नेहमीच्या जागी नव्हता, म्हणून नवरीच्या पलीकडून ओरडला. पण कन्नडमध्ये "ताळी" म्हणजे मंगळसूत्रही. शब्द एक, उच्चार एक. ढोलवाल्यांच्या कानावर नवरीच्या भावाचा आवाज पडला, मंगळसूत्र, मंगळसूत्र! कुणा काकांचं बोट वर गेलं, "गट्टिमेळा! गट्टिमेळा!" ढोल फुटतील असे वाजायला लागले. पाचपन्नास माणसं एकदम उभी राहिली, अक्षतांचा पाऊस पडला, आणि बिचाऱ्या फत्तेसिंगरावानं दचकून, घाईघाईनं मंगळसूत्र बांधून टाकलं. भटजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त लागलेला होता, म्हणून त्यांनीही मान डोलावली आणि ढोलावर आवाज चढवून मंत्र संपवला. लग्न लागलं.

श्रीनिधीच्या कॅमेऱ्यात अंधार. माझ्या कॅमेऱ्यात शालू, कोट, उंचावलेले मोबाइल आणि टक्कल. म्हैसूरभर दुसऱ्यांच्या लग्नांतला एक क्षण न चुकवणारा माणूस, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीचं मंगळसूत्र बांधलेलं कुणाकडेच नाही. ओरडला कोण, तर तो स्वतःच. मला रडावं का हसावं कळेना. मंटपात पुढे काय झालं ते मला मागून दिसलं नाही, नुसत्या पाठी दिसत होत्या. जेवणाच्या वेळी गगनला शोधलं, सापडला नाही. यशस्विनीचे डोळे लाल होते, पण नवरीचे असतातच.

नंतर गगन खोलीवर आलाच नाही. फोन केला तर "येतो" म्हणायचा. अंबुबाईला विचारलं तर म्हणाली, "सुम्ने अंगणात फिरत असतो रे. विचारलं तर काय सांगत नाही." तिच्या भाषेत "सुम्ने" म्हणजे उगाचच. मला वाटलं, हा आता धंदा सोडतो. त्या येरझाऱ्यांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या आणि आता खोलीत एकटं बसवेना. हातोडे तेवढे पडत होते.

एका दुपारी तो आला. यशस्विनीनं व्हिडिओ मागितला होता. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, पण फेऱ्या मारायला नाही लागला. मी त्याच्या मनाची तयारी करावी म्हणून म्हटलं, "हे बघ, मंगळसूत्राचं काही अवघड नाही. दुसऱ्या एका लग्नातली बोटं घेतो, जवळून घेतलेली. गाठी मारणारी बोटं सगळ्यांची सारखीच असतात. कुणाला कळणार नाही."

"बेडा," तो म्हणाला. नको. आणि खिडकीशी गेला.

"मग काय, काळं ठेवू?"

त्यानं खिडकी उघडली, परत लावली. तेवढ्यात मला नवऱ्याच्या शेरवानीतला माइक आठवला. चित्र नव्हतं, पण आवाज असणार होता. मी हेडफोन काढला आणि मोठ्यानं लावलं.

आधी गगनचा ओरडा आणि ढोल. मग ढोलांच्या वरून श्रीनिधी, "सर, इन्नोंद सला! इन्नोंद सला!" पुन्हा एकदा. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. क्षण चुकला तर नवरा पुन्हा हात गळ्याशी नेतो, दोघं हसतात, आम्ही टिपतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही. फत्तेसिंगरावाचा भला आवाज आला, "हां, करू या की." लगेच यशस्विनी म्हणाली, "बेडा, बेडा. परत नाही बांधायचं." आणि मग जरा वेळानं, अगदी जवळून, "अण्णा, तू बघितलास की?"

खिडकीशी गगन पाठमोरा होता. त्याचे खांदे वर गेले.

ढोल वाजत राहिले. मग त्याचाच आवाज आला, पडलेला. "नाही, यशू."

"कुठं बघत होतास?"

"श्रीनिधीकडं. बॅटरी..."

आता ती काय बोलणार म्हणून मी आवाज आणखी वाढवला. तिनं काहीही बोललं असतं तरी तिचा हक्क होता. एक गोष्ट मागितली होती पोरीनं. मी तिच्या जागी असतो तर त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं.

"झालं ते झालं," यशस्विनी म्हणाली. "आता बघ. मी हितंच हाय."

त्यानंतर माइकवर बराच वेळ नुसता मंटपातला गलका. ढोल थांबले, माणसांची कुजबुज, भांड्यांचे आवाज. होमाची तयारी झाली असावी, कारण भटजी कन्नडमधून विचारायला लागले, मुलीचा भाऊ कोण, पुढे या. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा जरा चिडून. मंटपातला पुढचा विधी ज्याला भटजींच्या आधी ठाऊक असतो, त्या गगनला हाक ऐकू येत नव्हती. शेवटी यशस्विनीचं हसू आलं, रडवेलं. "अण्णा, तुलाच बोलावतेत. लाह्या."

एव्हाना श्रीनिधीनं नवी बॅटरी घातली होती आणि पडद्यावर चित्र होतं. चित्रात काय, तर गगनची पाठ. नवरा नाही, नवरी नाही, होम नाही, पडदा भरून रेशमी सदरा आणि त्यावर लोंबणारा फेट्याचा शेमला. बहिणीच्या ओंजळीत तो लाह्या घालत असणार, कारण तिचा आवाज आला, "अण्णा, सगळ्या खाली सांडतेत." तासन्‌तास जड कॅमेरा धरून ज्याचा हात हलत नाही, तो हे करत होता.

"सर," श्रीनिधी कळवळून म्हणाला, "स्वल्प पक्कक्के बन्नि. जरा बाजूला व्हा की. नवरी दिसंना, फ्रेम सगळी जातेय."

असली पाठ मधे आली की तिला खांद्याला धरून बाजूला सारताना मी गगनला प्रत्येक लग्नात पाहिलंय. नवरीच्या बापालासुद्धा सोडत नाही.

"इर्ली बिडो," गगनचा आवाज आला. असू दे, सोड. आणि तो तिथून हलला नाही.